ओठांतला कुंचला आणि छातीवरचा बिल्ला

अंधारात चमकणारे घड्याळ आपण पाहिलेले असते. त्या चमकीमागचा इतिहास मात्र वर्गात क्वचितच सांगितला जातो.

१९१७ पासून अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, ऑरेंज येथील कारखान्यात तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियममिश्रित रंगाने आकडे रंगवीत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवले जाई. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ मात्र शिशाच्या आडोशामागून, चिमट्यांनी रेडियम हाताळीत. म्हणजे धोका ठाऊक होता. तो मुलींना सांगितला गेला नव्हता.

रेडियमचे रासायनिक गुणधर्म कॅल्शियमसारखे असतात. त्यामुळे पोटात गेलेल्या रेडियमचा काही भाग हाडांत साठतो आणि तेथून अल्फा कणांचा मारा चालू राहतो. मुलींचे दात पडू लागले, जबडे कुजले, काही दगावल्या. १९२७ मध्ये ग्रेस फ्रायर आणि चार सहकारी न्यायालयात गेल्या. १९२८ च्या तडजोडीत प्रत्येकीला १०,००० डॉलर, वार्षिक ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च मंजूर झाला. अशा कामगारांच्या तपासण्यांच्या आधारेच १९४१ मध्ये अमेरिकेत शरीरातील रेडियमची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम ठरली.

भारतात २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी मालक व कर्मचारी या दोघांच्याही जबाबदाऱ्या नमूद केल्या. क्ष-किरण विभागातला कर्मचारी छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला लावतो. तो न चुकता लावणे हे त्याचे कर्तव्य. त्यावरची नोंद कळणे हा त्याचा हक्क. धोक्याची माहितीच दिली नसेल, तर सावधगिरीची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?