यॉटच्या इंजिनघरातून वाशीमच्या रुळांवर : एका डिझेल इंजिनाची वंशावळ

१/
वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही आणि पैनगंगेच्या पात्रात यॉट फिरत नाही. तरीही अकोला–पूर्णा मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाल्यावर वाशीम स्थानकातून गाड्या ओढत गेलेल्या डिझेल इंजिनांपैकी कित्येकांची वंशावळ शोधत मागे गेले, की आपण १९२८ सालच्या अमेरिकेत, एका अभियंत्याच्या खासगी यॉटवर पोहोचतो. आजचा थ्रेड त्या वंशावळीचा.

२/
यॉट म्हणजे विहारनौका : मालवाहतुकीसाठी किंवा युद्धासाठी नव्हे, केवळ मौजेसाठी बांधलेली. अशा मोठ्या नौकेला कोणते इंजिन बसवावे, हा प्रश्न वरकरणी धनिकांच्या चोचल्यांचा वाटतो. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणाकडेही नव्हते. ते शोधताना जे हाती लागले, त्याने अर्ध्या जगाची रेल्वे बदलली.

३/
आधी पर्याय पाहू. वाफेचे इंजिन शांत चाले, भरवशाचेही होते. पण त्यासाठी बॉयलर हवा, कोळशाची कोठी हवी, कोळसा टाकणारी माणसे हवीत. निघण्यापूर्वी कित्येक तास आधी भट्टी पेटवावी लागे. नौकेचा मधला, सर्वांत प्रशस्त भाग यंत्रासाठीच सोडावा लागे. पाहुण्यांना उरे तो काठावरचा भाग आणि काजळी.

४/
पेट्रोलचे इंजिन हलके आणि आटोपशीर. पण त्यात एक जीवघेणा दोष होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. रस्त्यावरील मोटारीतून गळलेली वाफ वाऱ्यावर उडून जाते. नौकेत मात्र ती तळाशी साचते. मग एक ठिणगी पुरते. बंद लाकडी सांगाड्यात शेकडो लिटर पेट्रोल बाळगणे म्हणजे उशाशी दारूगोळा घेऊन झोपणे होते.

५/
तिसरा पर्याय जर्मनीतून आला. रुडॉल्फ डिझेल यांना १८९३ साली पेटंट मिळाले आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्यांचे इंजिन चाचणीत उत्तीर्ण झाले. या इंजिनात ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते. त्या तप्त हवेत तेलाचा फवारा सोडताच ते पेटते. इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी आली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हा आकडा स्वप्नवत होता.

६/
शिवाय डिझेलचे तेल पेट्रोलसारखे सहज भडकत नाही. म्हणजे नौकेसाठी आदर्शच! १९१२ साली डेन्मार्कचे ‘सेलँडिया’ हे जहाज डिझेलच्या बळावर कोपनहेगनहून बँकॉकला गेले. त्याला धुराडे नव्हते. धूर डोलकाठीतून बाहेर जाई. लंडनला ते थांबले असता ब्रिटिश नौदलाचे तत्कालीन मंत्री विन्स्टन चर्चिल ते पाहण्यास गेले. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९१३ मध्ये, डिझेल इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसे झाले. त्यांच्या मृत्यूचे गूढ आजही उकललेले नाही.

७/
मग अडले कोठे? वजनात. डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन सुमारे तीन मीटर उंच होते आणि त्याची शक्ती होती अवघी वीस अश्वशक्ती. आत निर्माण होणारा प्रचंड दाब सोसण्यासाठी ओतीव लोखंडाच्या जाड भिंती आवश्यक होत्या. कारखान्यात किंवा हजारो टनांच्या जहाजात हे खपून जाई. विहारनौकेत तेवढे लोखंड ठेवले, तर मौजेला जागा कोठून आणणार?

८/
येथे नौकाशास्त्रातील एक नियम समजून घ्यावा लागतो. थ्रेडच्या शेवटी तो पुन्हा भेटणार आहे. इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात लहान नमुने पाण्यात ओढून जहाजांच्या लाटांचा अभ्यास केला. पाणी कापत जाणारी नौका स्वतःच लाट उठवते आणि एका वेगानंतर त्याच लाटेत अडकते. ढोबळ हिशेबाने ४० फूट लांबीच्या नौकेची ही मर्यादा साडेआठ नॉट, म्हणजे ताशी सुमारे सोळा किलोमीटर.

९/
याचा अर्थ असा की त्यापुढे दुप्पट शक्तीचे इंजिन बसवले तरी वेग जेमतेम वाढतो. वाढतो तो तेलाचा खर्च. म्हणून नौकेसाठी ‘सुयोग्य’ इंजिन म्हणजे सर्वांत बलवान इंजिन नव्हे. तिच्या बांध्याला साजेसे, हलके, कमी थरथरणारे, तासन्‌तास एका लयीत चालणारे आणि भर समुद्रात दुरुस्त करता येणारे इंजिन हवे.

१०/
आता दोन माणसांची ओळख करून घेऊ. पहिला अलेक्झांडर विंटन. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, अमेरिकेच्या क्लीव्हलँड शहरात आधी सायकली आणि मग मोटारी बनवणारा उद्योजक. स्वतः यॉटचा शौकीन. १९१२ साली त्याने नौकांसाठी इंजिने बनवणारी वेगळी कंपनी काढली आणि लवकरच ती डिझेलकडे वळली. पुढे त्याचा मोटारींचा धंदा बुडाला. इंजिनांचा मात्र तरला.

११/
दुसरा चार्ल्स केटरिंग. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख. मोटार हँडल मारून सुरू करण्याचा जाच ज्या विजेच्या सेल्फ-स्टार्टरने संपवला, तो त्याच्याच कार्यशाळेतला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो प्रथम बसवला गेला. १९२८ साली या गृहस्थाने डिझेलवर चालणारी यॉट घेतली आणि पत्नीच्या नावावरून तिचे नाव ठेवले ‘ऑलिव्ह के’.

१२/
यजमानाने डेकवर पाहुण्यांसोबत बसावे, ही रीत. केटरिंग मात्र बराचसा वेळ खाली इंजिनघरात घालवी. तेलाने माखलेल्या त्या खोलीत त्याला एकच विचार छळत होता : इतके काटकसरी इंजिन इतके जड आणि बोजड का असावे? हा निसर्गाचा नियम आहे, की अभियंत्यांनी लावून घेतलेली सवय?

१३/
तो विंटनच्या कारखान्यात गेला. तेथे त्याने नव्या पद्धतीचा इंजेक्टर, म्हणजे तेलाचा फवारा मारणारा भाग, पाहिला आणि आपल्या दुसऱ्या यॉटसाठी विंटनचीच इंजिने घेतली. प्रश्न आता छंदाचा राहिला नव्हता. १९३० साली जनरल मोटर्सने विंटन कंपनीच विकत घेतली. पाठोपाठ क्लीव्हलँडचीच ‘इलेक्ट्रो-मोटिव्ह’ ही रेल्वेचे स्वयंचलित डबे बनवणारी कंपनीही घेतली.

१४/
केटरिंगने निवडलेला मार्ग होता टू-स्ट्रोक. नेहमीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा. जुन्या लूनाचे इंजिन याच जातीचे. डिझेलमध्ये अडचण अशी की जळका वायू बाहेर काढून ताजी हवा आत घेण्यास क्षणभरच मिळतो. त्यासाठी पंख्यासारख्या यंत्राने हवा खालून आत ढकलायची आणि जळका वायू वरच्या झडपांतून घालवायचा, अशी रचना करण्यात आली.

१५/
परिणाम? जेथे एका अश्वशक्तीमागे सुमारे २७ किलो लोखंड लागे, तेथे नऊ-दहा किलो पुरू लागले. १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात अशी ६०० अश्वशक्तीची दोन इंजिने जनरल मोटर्सच्या दालनाला वीज पुरवत होती. दिवसा लोक कौतुकाने पाहत. रात्री अभियंते तीच इंजिने उघडून दुरुस्त करीत. त्या प्रकल्पावर काम करणारा केटरिंगचा मुलगा यूजीन पुढे गमतीने सांगे की, तेल मोजण्याची पट्टी सोडली तर बाकी सगळ्यानेच त्रास दिला.

१६/
ती इंजिने बर्लिंग्टन रेल्वेचे अध्यक्ष राल्फ बड यांनी पाहिली आणि मागणी नोंदवली. २६ मे १९३४ रोजी ‘झेफर’ ही स्टेनलेस स्टीलची तीन डब्यांची गाडी डेन्व्हरहून निघाली आणि न थांबता १,६०० किलोमीटरहून अधिक अंतर १३ तास ५ मिनिटांत कापून शिकागोला पोहोचली. लक्षात घ्या, केवळ इंजिन नवे नव्हते. डबेही मुद्दाम हलके बांधलेले होते. फ्रूडचा धडा येथे रुळांवर उतरला होता : शक्ती जेवढी महत्त्वाची, तेवढाच तिला मिळालेला देह.

१७/
आणि यॉटचे काय? १९३८ साली याच विचारातून ‘६-७१’ हे आटोपशीर टू-स्ट्रोक डिझेल बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हजारो होड्यांत ते होते. युद्धानंतर शिल्लक राहिलेली ही इंजिने मच्छीमार नौकांत आणि विहारनौकांत बसली. ज्या प्रश्नासाठी धडपड सुरू झाली, त्याचे उत्तर असे युद्धाच्या वाटेने परत आले.

१८/
आता भारतात येऊ. १९६२ साली भारतीय रेल्वेसमोर दोन अमेरिकी इंजिने होती. जनरल मोटर्सचे टू-स्ट्रोक ‘डब्ल्यूडीएम-४’ आणि आल्को कंपनीचे फोर-स्ट्रोक ‘डब्ल्यूडीएम-२’. दोन्हींची शक्ती सारखीच, २,६०० अश्वशक्ती. चालण्यात जनरल मोटर्सचे इंजिन कमी नव्हते. तरी भारताने निवडले आल्को.

१९/
कारण आल्कोने इंजिन भारतात बनवण्याचे तंत्रज्ञान देण्याची तयारी दाखवली. जनरल मोटर्सने दाखवली नाही. १९६४ साली वाराणसीच्या कारखान्यातून पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले. पुढे हजारो डब्ल्यूडीएम-२ देशभर धावली; मीटरगेजवरही आल्कोच्याच घराण्यातील वायडीएम-४ आले. परकीय चलनाची चणचण असलेल्या नवस्वतंत्र देशासाठी सुयोग्य इंजिन कोणते? ज्याचे नकाशे आपल्या हाती येतात ते.

२०/
केटरिंगच्या इंजिनाचे वंशज थांबून राहिले. १९९० च्या दशकात तंत्रज्ञान देण्याच्या अटीसह करार झाला. १९९९ साली ‘डब्ल्यूडीजी-४’ भारतात आले आणि काही वर्षांत वाराणसीला बनू लागले. सोळा सिलिंडर, ४,००० अश्वशक्ती, आणि जात तीच : टू-स्ट्रोक, हवा खालून आत, धूर वरच्या झडपांतून बाहेर. प्रवासी गाड्यांसाठीचे त्याचे भावंड ‘डब्ल्यूडीपी-४’. वाशीमच्या फलाटावर जी घुमारेदार धडधड ऐकू येई, तिचा पूर्वज ‘ऑलिव्ह के’च्या इंजिनघरात शोधला गेला होता.

२१/
याच जिल्ह्यात या कथेची दुसरी, उदास बाजूही आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ नॅरोगेज गाडी कारंज्याहून जाई. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून तब्बल सत्तर वर्षे राबले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल आले. तेव्हा वाशीम जिल्हाही जन्मला नव्हता. कारंजा अकोला जिल्ह्यात होते.

२२/
नवे इंजिन आले; रूळ, पूल आणि मार्ग मात्र जुनेच राहिले. मालकी हक्काचा घोळ एका जुन्या ब्रिटिशकालीन कंपनीच्या करारात अडकलेला. जीर्ण मार्गावर गाडीला वेग घेता येईना, आणि अखेर ती थांबली. नौकेला तिची स्वतःची लाट अडवते. शकुंतलेला तिच्या पायाखालच्या रुळांनी अडवले.

२३/
म्हणून यंत्रांचा इतिहास वाचताना केवळ अश्वशक्तीचे आकडे पाहू नयेत. तीन प्रश्न विचारावेत. हे इंजिन कोणत्या देहात बसले? त्याचे नकाशे कोणाच्या हाती होते? आणि ते बिघडले तेव्हा खाली उतरून हात काळे करणारा कोण होता? केटरिंगने तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली. भारताने १९६२ साली दुसरा विचारला. शकुंतलेच्या बाबतीत पहिला विचारायचे राहून गेले.

२४/
आता रेल्वेवर विजेच्या तारांचे युग आले आहे. डिझेलची धडधडही लवकरच आठवणीत जमा होईल. कारंजा, मूर्तिजापूर, दारव्हा भागातील आपल्या आजी-आजोबांना शकुंतलेबद्दल जरूर विचारा. वाफेची शिट्टी आणि डिझेलचा भोंगा, दोन्ही ऐकलेले कान अजून आपल्यात आहेत. त्यांचे ऐकून ठेवणे, लिहून ठेवणे हेही इतिहासाचेच काम. (समाप्त)