एस्प्रेसोचं यंत्र, गाळलेलं पाणी आणि दोन घटका



‘एस्प्रेसो’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकींनी पहिल्यांदा ऐकला तो लग्नाच्या मांडवात. एका कोपऱ्यात टेबल, त्यावर स्टीलचा उभा बंब, बंबाला वाफेची नळी, आणि ती दुधात बुडाली की सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा फुसफुसाट. कपात कॉफी पावडर आणि साखर दोन थेंब पाण्यात घोटून ठेवलेली. त्यावर गरम दूध, दुधावर फेस, फेसावर चिमूटभर कोको. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्या लग्नात हा बंब असे, ते लग्न थाटात झालं असं मानलं जाई.

गंमत म्हणजे त्या कपात एस्प्रेसो नव्हतीच. तो बंब फक्त दूध तापवायचा आणि फेसाळायचा. कॉफी होती डब्यातली, झटपट विरघळणारी.

आता आपल्या मुला-सुनांच्या घरी एस्प्रेसोचं खरं यंत्र येऊ लागलं आहे. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आलं. तेव्हापासून मंदिरात भेटणाऱ्या मैत्रिणी मला दोनच प्रश्न विचारतात: हे आपल्यात चालतं का? आणि एवढा खर्च कशाला? उत्तर द्यायचं तर हे यंत्र कुठून आणि कशासाठी आलं, ते आधी पाहावं लागेल.

इटलीत काय झालं

कॉफी उकळायला आणि गाळायला वेळ लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या कॉफीगृहांत गर्दी वाढली आणि गिऱ्हाईक ताटकळू लागलं. १८८४ साली तुरीन शहरातल्या अँजेलो मोरिओंदो यांनी वाफेच्या जोरावर एकदम पुष्कळ कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी पुढचं पाऊल टाकलं. एका मुठीच्या गाळणीत एका कपापुरती पूड भरायची, ती यंत्राला अडकवायची आणि गिऱ्हाइकासमोर त्याच्यापुरती कॉफी काढायची. ते पेटंट देसिदेरिओ पावोनी यांनी विकत घेतलं आणि १९०६ च्या मिलान प्रदर्शनात हे यंत्र लोकांनी पाहिलं. ‘एस्प्रेसो’ या शब्दात दाबून काढलेली, झटपट केलेली आणि खास तुमच्यासाठी केलेली, असे तिन्ही अर्थ सांगतात.

पण त्या यंत्रात दाब वाफेचा होता, तो जेमतेम दीड बार. वाफेमुळे पाणी फार तापायचं आणि कॉफी करपट लागायची. हे सुधारलं मिलानच्या अकिले गाज्जा यांनी. त्यांनी १९३८ मध्ये पेटंट घेतलं आणि महायुद्ध संपल्यावर स्प्रिंगचा दांडा असलेलं यंत्र बाजारात आणलं. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दबते, सोडला की ती गरम पाणी पुडीतून जोराने ढकलते. दाब आठ-नऊ बारच्या घरात गेला आणि कॉफीवर पहिल्यांदाच सोनेरी तपकिरी साय आली. तिला ‘क्रेमा’ म्हणतात. १९६१ मध्ये एर्नेस्तो वालेन्ते यांच्या फाएमा कंपनीने दांड्याच्या जागी विजेचा पंप बसवला. त्या यंत्राचं नाव ‘ई-६१’. त्या वर्षी इटलीत खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, त्यावरून ‘ई’ हे अक्षर घेतलं. आज आपल्या ओट्यावर बसणारं यंत्र याच पंपाच्या घराण्यातलं आहे. साधारण अठरा ग्रॅम पूड, ९० ते ९६ अंश तापलेलं पाणी, नऊ बार दाब, पंचवीस-तीस सेकंद, आणि छत्तीस ग्रॅमच्या आसपास कॉफी, एवढाच त्याचा हिशेब.

इटलीतल्या घरात मात्र एस्प्रेसो उशिरा शिरली. बायकांच्या हाती आधी आली ती अल्फोन्सो बियालेत्ती यांची १९३३ ची ‘मोका’, म्हणजे गॅसवर ठेवायची ॲल्युमिनियमची अष्टकोनी किटली. ला पावोनी कंपनीचं ‘युरोपिक्कोला’ हे छोटं घरगुती दांड्याचं यंत्र १९६१ चं. म्हणजे कॉफीगृहात साठ वर्षं काढल्यावर हे यंत्र स्वयंपाकघरात नीट स्थिरावू लागलं.

आणि आपल्याकडे

आपल्या देशात कॉफी त्याच्या पुष्कळ आधीची. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. तो डोंगर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. शेजारचा हासन जिल्हाही कॉफीचा, आणि त्याच जिल्ह्यात आपलं श्रवणबेळगोळ. १९८१ मध्ये गोमटेश्वराच्या मूर्तीला हजार वर्षं झाली. त्या महामस्तकाभिषेकाला महाराष्ट्रातून किती तरी कुटुंबं गेली. पितळेच्या फिल्टरमधली कॉफी आपल्यातल्या कित्येकींनी पहिल्यांदा अशा यात्रेत चाखली, आणि परत येताना देवाच्या फोटोबरोबर एक फिल्टरही आणला.

शहरात कॉफी पोचवली कॉफी हाऊसने. कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं. पुढे कॉफी बोर्डाकडे ती आली. पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली तेव्हा कामगार रस्त्यावर येण्याची वेळ आली. ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून कॉफी हाऊस स्वतः चालवू लागले. डोक्यावर तुऱ्याचा फेटा घातलेला वाढपी हा त्या कॉफी हाऊसचाच.

आपलं गोंदिया १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं आणि राजधानी होती नागपूर. दुसरीकडे जबलपूरला आपली छोटी गाडी जायची. दोन्ही गावांत कॉफी हाऊस. धानाच्या, तेंदूपानाच्या कामाने तिकडे जाणारे घरातले पुरुष तिथे बसून येत. बायका क्वचितच. पुढे १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं आणि पंपाचं इटालियन पद्धतीचं यंत्र मध्यमवर्गाच्या ओळखीचं झालं. तिथे मुलींना बसायची मुभा होती. पण आपल्याला?

दार उघडं, घड्याळ आड

आपल्याला कोणी कॉफीगृहात येऊ नका म्हटलं नव्हतं. आपल्याला अडवलं ते घड्याळाने. कॉफीगृह भरतं दिवेलागणीनंतर. लग्नातला तो बंब सुरू व्हायचा रिसेप्शनला, रात्री आठला. ज्यांचा रात्रिभोजनाचा त्याग, त्या आपल्या सासवा, जावा, नणंदा त्या फुसफुसाटाकडे बघत गप्पा मारत बसत. आणि ज्यांची वेळ जमत असे, त्यांनाही पाणी कोणतं, दूध केव्हा तापवलेलं, हे प्रश्न होतेच. म्हणून एस्प्रेसोचा आपला इतिहास इटलीपेक्षाच काय, शेजारणीपेक्षाही वेगळा आहे. आपल्यासाठी हे पेय घरात आलं तेव्हाच खरं आलं.

घरात आल्यावर वेळ आपल्या हातात येते. सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, झाली की पहिला कप. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी शेवटचा. गोंदिया राज्याच्या पूर्व टोकाला असल्यामुळे मुंबईपेक्षा आपल्याकडे सूर्य जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो आणि मावळतोही. डिसेंबरात साडेपाचच्या आसपास मावळला की शेवटचा कप पावणेपाचच्या आत. मुंबईची बहीण फोनवर सांगते त्या वेळेवर जाऊ नका, आपल्या गावाचं पंचांग बघा.

पाणी, दूध, पूड

यंत्राच्या मागे पाण्याची टाकी असते, दीड-दोन लिटरची. सगळ्यांत मोठा प्रश्न तिथे आहे. लोक ती एकदा भरतात आणि चार दिवस बघत नाहीत. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, नीट उकळलेल्याची चोवीस तास. म्हणून आमच्याकडे टाकीत कच्चं पाणी जात नाही. सकाळी दुहेरी कापडातून गाळायचं, जिवाणी जिथलं पाणी तिथे सोडायची, मग गंजात उकळायचं. निवल्यावर दोन-तीन कपांपुरतंच टाकीत घालायचं. गरम घालू नये, टाकी प्लॅस्टिकची असते. सूर्यास्तापूर्वी टाकी रिकामी करून, पुसून, उलटी ठेवायची. खालच्या थाळीत सांडलेलं पाणीही रोज काढायचं. तिथे ओल राहिली की बुरशी आणि चिलटं, आणि मग हिंसा आपल्याच हाताने.

याचा आणखी एक फायदा दिसला. बोअरिंगच्या जड पाण्यातला चुना उकळताना बराचसा गंजाच्या तळाला बसतो, यंत्राच्या नळ्यांत कमी जातो. पण यावरून आपल्या पूर्वजांना यंत्र माहीत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी पाणी गाळलं ते जिवांसाठी. यंत्राचं आयुष्य वाढतं ते वरचं.

दूध आधी तापवून ठेवलेलं, साय काढलेलं आणि थंड. वाफेच्या नळीने ते फक्त साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतं, म्हणून कच्चं दूध थेट फेसाळून घेऊ नये. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची आणि एकदा वाफ सोडायची, नाहीतर दूध आत वाळतं.

पुडीची मर्यादा आम्ही पिठासारखी धरतो: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यापेक्षा सोपं म्हणजे बिया आणून त्या वेळेपुरत्या दळणं. कॉफीचे जाणकारही दळल्याबरोबर वापरा असंच सांगतात, कारण दळल्यावर सुगंध झपाट्याने उडतो. इथे आपली रीत आणि त्यांची चव एकाच वाटेने जातात.

खर्चाचा प्रश्न

मी कॉमर्सची, त्यामुळे वही काढते. समजा यंत्र पंचवीस हजारांचं, आयुष्य पाच वर्षं, रोज एक कप. घसारा सरळ पद्धतीने धरला तर कपामागे साधारण चौदा रुपये. हजार रुपये किलोची कॉफी, अठरा ग्रॅमचे अठरा रुपये. दूध नऊ, वीज दोन. एकूण त्रेचाळीस. रोज चार कप निघाले तर यंत्राचा वाटा साडेतीन रुपयांवर येतो आणि कप बत्तीस-तेहतीसला पडतो. यंत्र महाग की स्वस्त, हे किमतीवर नाही, घरात पिणारे किती त्यावर ठरतं. एकट्या माणसाला शे-दोनशे ग्रॅम पूड आणि पितळेचा फिल्टर पुरे.

पण ही वही अर्धीच. रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग वेगळे सांगितले आहेत. एकदा वापरून संपतो तो भोग, पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग. कॉफी हा भोग, यंत्र हा उपभोग. दोन्हींचं परिमाण वेगवेगळं ठरवावं लागतं. आम्ही ठरवलं ते असं: दिवसाला माणशी एकच कप, दशलक्षणात यंत्र बंद, आणि यंत्र आलं तेव्हा जुना मिक्सर आणि वापरात नसलेला ओव्हन घराबाहेर. वस्तू आली की वस्तू गेली पाहिजे, नाहीतर परिग्रहाची मर्यादा कागदावरच राहते.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. सूनबाई नोकरीवरून सहाला येते. हिवाळ्यात तोवर अंधार पडलेला असतो आणि तिला कॉफी हवी असते ती नेमकी तेव्हा. चातुर्मासात ती आपणहून सोडते. इतर दिवसांत मी टाकी रिकामी करून ठेवते आणि काही बोलत नाही. तिला हवी असेल तर ती पाणी गाळून, उकळून, निववून घेईल, तेवढी मुभा तिला आहे. कधी ती घेते, कधी एवढा खटाटोप नको म्हणून उद्या सकाळवर टाकते. गेल्या हिवाळ्यात सकाळवर टाकलेले दिवस वाढले होते. मी ते मोजते आहे हे तिला माहीत नाही, म्हणजे आता हे वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

तुमच्याकडे टाकीची आणि वेळेची काय रीत आहे, तेही कळवा.

जय जिनेंद्र.