मला दिसतं, मी दिसतो

मराठी भाषा मोठी स्पष्टवक्ती आहे. संस्कृत 'उपनेत्र' म्हणून सभ्यपणे बाजूला झाली, फारसीने डोळ्यावरून 'चष्मा' पुरवला. मराठीने मात्र त्याला 'चाळिशी' म्हणून थेट माणसाच्या जन्मतारखेलाच हात घातला. मला ही चाळिशी लागली पंचेचाळिसाव्या वर्षी. मधली पाच वर्षे मी वर्तमानपत्र लांब धरून काढली. हात आणखी वीतभर लांब असते तर अजूनही तसाच वाचत राहिलो असतो.

चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचा तक्ता एकच, तोही आतल्या अंधाऱ्या खोलीत; आरसे मात्र चारी भिंतींना! असे का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. आपल्याकडे 'दिसणे' या क्रियापदाच्या दोन तऱ्हा आहेत. 'मला दिसतं' ही एक, आणि 'मी दिसतो' ही दुसरी. चष्म्याचा सातशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोघींचे भांडण आहे, असे माझे नम्र मत आहे.

चष्मा जन्मला इटलीत, तेराव्या शतकाच्या अखेरीस. १३०६ साली फ्लॉरेन्समध्ये जॉर्दानो नावाच्या धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितले की, ही विद्या निघून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत आणि ती काढणाऱ्याशी मी स्वतः बोललो आहे. एवढे सगळे सांगितले, पण त्या गृहस्थाचे नाव काही सांगितले नाही! पुढे १३५२ मध्ये तोमासो दा मोदेना या चित्रकाराने त्रेविझो येथे कार्डिनल ह्यू यांचे चित्र काढले आणि त्यांच्या नाकावर चष्मा ठेवून दिला. कार्डिनलसाहेब वारले होते १२६३ मध्ये, म्हणजे चष्मा निघायच्या आधीच. त्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी विद्वान दिसण्याचा होता.

हिंदुस्थानातही चष्मा पुष्कळ लवकर आला. विजयनगरचे व्यासराय सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोथी वाचताना चष्मा लावीत, हे पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी व्यासरायांच्या चरित्रग्रंथावरून दाखवून दिले.

गंमत म्हणजे कानावर अडकवायच्या काड्या यायला अठरावे शतक उजाडावे लागले. तोवर चारशे वर्षे माणसे चष्मा नाकावर चिमटवीत होती, नाहीतर हातात धरीत होती. कान काय तेव्हा नव्हते?

बेंजामिन फ्रँकलिन हा मात्र पक्का 'मला दिसतं' पक्षाचा. जवळचा आणि लांबचा अशा दोन चष्म्यांची अदलाबदल करून कंटाळल्यावर त्याने भिंगे अर्धी कापून एकाच चौकटीत बसवून घेतली. १७८५ च्या एका पत्रात तो सांगतो की, यामुळे जेवताना ताटातलेही दिसते आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही. आणि चेहरा दिसला की फ्रेंच भाषा अधिक समजते. हे मला पटले. चष्मा नसला की आमच्या सौ.चे बोलणे मलाही नीट समजत नाही.

गॉगलचे घराणे निराळे. ध्रुवाकडचे इन्यूट लोक बर्फाची चकाकी सोसावी म्हणून हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्टीला बारीक फट पाडून ती डोळ्यांवर बांधीत. काच नाही, रंग नाही, नुसते शहाणपण. १९३० च्या दशकात अमेरिकेत एडविन लँडच्या खटपटीतून रस्त्यावरची नि पाण्यावरची चकाकी गाळणारी पोलरॉइड भिंगे आली, त्याच सुमारास वैमानिकांचे गॉगलही आले. वैमानिकाला दिसावे म्हणून निघालेली वस्तू नटांनी आपण दिसावे म्हणून उचलली, आणि नटांकडून ती माझ्याकडे आली.

मी नंबरचा गॉगल करायला टाकला. दुकानदाराने तीन छटा दाखवल्या. मी सगळ्यांत काळी निवडली. "साहेब, एकदम हिरो!" तो म्हणाला. मला हिरो म्हणणारा तो आयुष्यातला पहिलाच इसम, म्हणून मी घासाघीसही केली नाही.

२०१९ चा मे महिना. साताऱ्याहून पुण्याला येत होतो. ऊन रणरणत होतं. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो आणि कुणीतरी डोळ्यांवर घोंगडी टाकावी तसं झालं. गॉगल काढावा तर त्याच्याबरोबर नंबरही जाणार. साधा चष्मा मागच्या सीटवर, पिशवीत, डब्याखाली.

"अहो, स्कूटर!" सौ. ओरडली.

ब्रेक दाबला. मला पहिल्यांदा दिसली ती लाल रिबीन. बापाला मागून मिठी मारून बसलेली सात-आठ वर्षांची पोर. मध्ये दोन हात अंतर राहिलं असेल. तिनं मान वळवून पाहिलं आणि चक्क हसली. बहुधा गॉगलला.

बाहेर पडल्यावर गाडी कडेला घेतली. हात कापत होते. सौ. एक शब्द बोलली नाही. मी गॉगल काढून ठेवला होता, पण तिचं न बोलणं मला चष्म्याशिवायही पूर्ण समजलं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी शाळेतल्यासारखं समजावलं. काच काळी म्हणजे सुरक्षित असं नाही. अतिनील किरण अडवायचं काम पांढरं भिंगही करतं. सगळ्यांत गडद जातीच्या भिंगातून शेकडा तीन ते आठ भागच उजेड आत येतो. ती बर्फाच्या डोंगरांसाठी, गाडी चालवायला नव्हेच. उन्हात आपोआप काळी होणारी भिंगं गाडीत फारशी काळी होत नाहीत, कारण त्यांना काळं करणारे किरण पुढची काचच अडवते. पोलराइज्ड भिंगानं रस्त्याची चकाकी जाते, पण कधी कधी गाडीतला पडदाही काळा दिसतो. आणि रात्री पिवळा गॉगल लावून काही फायदा नाही, असलेला उजेड मात्र कमी होतो.

"ते सगळं ठीक," मी म्हणालो, "पण मला शोभेल कुठला?"

"काका," त्या म्हणाल्या, "गाडी चालवताना तुम्हाला कोण बघणार आहे? बघायचं तुम्ही!"

सातशे वर्षांचं भांडण बाईंनी एका वाक्यात मिटवलं.

आता माझ्या साध्या नंबरच्या चष्म्यावर चिमट्यानं बसणारा, बेताच्या छटेचा गॉगल असतो. बोगदा दिसला की आधीच बोटानं वर उचलायचा. उचलला की कपाळावर किराणा दुकानाची छपरी काढल्यासारखी दिसते. नातू त्याला 'आजोबांचं शटर' म्हणतो. सौ. फोटो काढताना तो काढायला लावते.

मी फार वाईट दिसतो. पण मला दिसतं.