भात्याला गेलेला डावा हात

वयाच्या चाळिशीत एखाद्याला अकॉर्डियन शिकण्याची हौस आली, तर त्याला बहुधा एकच सल्ला मिळतो: परवडत असेल तर एकशेवीस बासचाच, म्हणजे डाव्या हाताला एकशेवीस बटणे असलेलाच घ्या, पुन्हा बदलायला नको. ऐकायला हा हिशेब पक्का वाटतो, पण त्यामागे एक गृहीत दडलेले असते. मोठे वाद्य म्हणजे पूर्ण वाद्य, आणि लहान म्हणजे त्याचीच काटछाट, असे ते गृहीत. हिंगोली जिल्ह्यात अकॉर्डियन विरळाच. पण त्याच कुळातली पेटी कळमनुरी, सेनगाव, वसमतकडच्या भजनी मंडळांत चांगलीच रुळली आहे. तिचा आकार कसा ठरत गेला हे पाहिले की हा सल्ला पुन्हा तपासावासा वाटतो.

पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने 1840 च्या सुमारास हार्मोनियमचे पेटंट घेतले, तेव्हा ते टेबलाएवढे वाद्य होते. वादक खुर्चीवर बसे, पायांनी भाता चालवी आणि दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवी. युरोपच्या संगीताला दोन्ही हात लागतच, कारण उजव्या हाताच्या चालीखाली डाव्याने स्वरसमूह धरायचे असत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पाय काढून टाकून हातपेटी पुढे आणली. भाता मागे गेला आणि डावा हात त्यात अडकला. युरोपीय वादकाला हे अपंगत्व वाटले असते. आपल्याकडे कोणाचे काही अडले नाही, कारण आपली चाल एकपदरी, तिला उजवा हात पुरतो. संगीत नाटकांनी मात्र पायाचा ऑर्गन सोडला नाही, कारण तिथे वादकाची जागा ठरलेली आणि वाद्य गाडीतून न्यायचे. म्हणजे एकाच प्रांतात, एकाच काळात दोन आकार नांदले. त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ काही नव्हते, बैठक वेगळी होती इतकेच.

हिंगोली जिल्ह्यातलेच नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव, आणि नामदेवांचा काळ 1270 ते 1350. त्यांच्यानंतर जवळजवळ पाच शतके वारकरी कीर्तन वीणा, टाळ आणि मृदंग यांवरच उभे होते. त्यामुळे पेटी आली ती पाहुणी म्हणून, आणि यजमानाने दिलेल्या जागेत बसली. सप्ताहात काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत तिला देवळातून मांडवात, मांडवातून कोणाच्या तरी ओसरीवर नाचवावे लागते. दिंडीत तर ती पट्ट्याने गळ्यात अडकवतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सेनगाव, औंढ्यावरून परभणीकडे जाते, त्या वाटेवर पायपेटी कोण ओढणार? कीर्तनातला पेटीवाला पाहावा: बोटे पट्ट्यांवर, तळवा भात्यावर, पण डोळे बुवांच्या तोंडाकडे. बुवांनी चरण सोडला की पुढच्या चरणापर्यंतची फट तो दोन-चार स्वरांनी भरतो. त्याला तीन-साडेतीन सप्तके पुरतात, कारण अभंगाची चाल सहसा दीड सप्तकाबाहेर जात नाही. उरलेल्या पट्ट्या लागतात त्या बुवा आज काळी एकमध्ये गातात की पांढरी चारमध्ये, हे आधी माहीत नसते म्हणून.

अकॉर्डियनचा प्रवास उलट्या दिशेने झाला. व्हिएन्नाच्या सिरिल डेमियनचे 1829 चे वाद्य हातात मावणारे होते, त्याला मोजकी बटणे होती. मंच, नाचगाण्याची सभागृहे आणि साथीदारांची टंचाई यांनी ते फुगवत 41 पट्ट्या आणि 120 बासपर्यंत नेले. एकट्या माणसाने अख्खा वाद्यवृंद वाजवायचा, ही त्यामागची निकड. हिंदी चित्रपटांत गुडी सिरवई, केर्सी लॉर्ड आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांनी या वाद्याला जे स्थान दिले, आणि ‘संगम’मध्ये (1964) राज कपूरच्या गळ्यात ते जसे दिसले, त्यावरून मोठा आकारच खरा अशी समजूत आपल्याकडे पक्की झाली.

आता बटणांचे गणित मांडू. 120 म्हणजे सहा-सहा बटणांच्या वीस रांगा. सप्तकात स्वर बारा. म्हणजे बारा रांगांत, 72 बटणांत, बाराही स्वरांचे आधार मिळतात, आणि उरलेल्या आठ रांगांत तेच स्वर पुन्हा येतात. ते फुकट नाहीत. डाव्या हाताला लांब उडी न मारता सलग सरकता यावे म्हणून ती सोय आहे, आणि ती पट्टीच्या वादकाला कामाची. नवशिक्याला ती दिसतसुद्धा नाही, वजन मात्र खांद्याला दिसते: मोठे वाद्य साधारण दहा किलोचे. शिवाय भजनाच्या सतरंजीवर मांडी घालून बसले की 41 पट्ट्यांचे खालचे टोक मांडीवर आदळते.

यावर कोणी म्हणेल, मग पेटीचेच तर्कशास्त्र शेवटपर्यंत नेऊन 48 बासचा का घेऊ नये? इथे मी थांबतो. 48 मध्ये आठच रांगा, म्हणजे चार स्वरांचा आधार गायब. ज्याला एकाच पट्टीत स्वतःपुरते वाजवायचे त्याला चालेल, पण ज्या गावात दर एकादशीला गाणारा बदलतो तिथे बुवांची पट्टी नेमकी त्या चारांपैकी निघायची. 48 बाससोबत सहसा येणाऱ्या 26 पट्ट्याही जेमतेम दोन सप्तकांच्या. दुसरा आक्षेप जुना आहे: ठोकळ स्वरांचे, मींड न येणारे वाद्य मुळात हवे कशाला? याच कारणांसाठी आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमला दार बंद केले आणि ते पुढे तीसेक वर्षे बंद राहिले. आक्षेपात तथ्य आहे, पण तो प्रत्येक आकाराला सारखाच लागू होतो, तेव्हा निवड करताना त्याचा उपयोग नाही. राहिला दोनदा खर्चाचा मुद्दा. चांगल्या स्थितीतला मधला अकॉर्डियन पुढच्या नवशिक्याला विकता येतो, पण खांदा धरला म्हणून माळ्यावर गेलेला मोठा अकॉर्डियन तिथेच राहतो आणि त्याचा भाता दमट हवेत कुजतो.

तेव्हा 34 पट्ट्या आणि 72 बास. खुर्चीवर बसून पट्टे आवळावेत: वरची कड हनुवटीखाली राहिली, तळ मांडीवर टेकला आणि भाता उघडताना पाठ मागे गेली नाही, तर माप बरोबर. ज्याला चित्रपटगीतांचे सुरुवातीचे म्युझिक डाव्या हाताच्या भरण्यासकट वाजवायची आहे, त्याने वर्षभर यावर हात बसवून मग एकशेवीसकडे वळावे.