भाऊगर्दीतला भाऊ कोण?

ग्रामपंचायत असो की साखर कारखाना, निवडणूक लागली की बारामती-इंदापूरकडच्या बातम्यांत एक मथळा ठरलेला : इच्छुकांची भाऊगर्दी. वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. कऱ्हेकाठच्या आमच्या कऱ्हाटीत वाडीगणिक एखादा भाऊ, एखादे आबा, दोन-तीन दादा आहेतच. ते सगळे एकदम अर्ज भरायला निघाले की भाऊगर्दी, असा सरळ अर्थ लागतो. पण या शब्दातला भाऊ एकच, चिमाजीआप्पांचा मुलगा सदाशिवराव. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव पडले, भाऊ रणात दिसेनासे झाले आणि मग जी दाणादाण उडाली तिचं नाव भाऊगर्दी.

‘गर्दी’ही तेव्हा एवढी साधी नव्हती. फारसीत ‘गर्दीदन’ म्हणजे फिरणं, उलटणं. त्यातून गर्दी म्हणजे उलथापालथ, दंगल, लुटालूट. दिल्लीकडच्या लोकांनी त्या शतकात शाहगर्दी पाहिली, जाटगर्दी पाहिली. हिंदीतल्या ‘गुंडागर्दी’त तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. मराठीत मात्र ती एस.टी. स्टँडवरची गर्दी होऊन बसली. (नारायणराव पेशव्याला मारणारे गारदी वेगळे, तो शब्द ‘गार्ड’वरून आलेला मानतात.) नर्मदेपलीकडून आलेल्या शब्दांचं असंच होतं. आले तेव्हा अंगावर रक्त होतं, आता ते उमेदवारी अर्जाच्या रांगेत उभे आहेत.

नर्मदेपलीकडचा म्हणजे हिंदुस्थानातला, असं तेव्हाचा माणूस म्हणाला असता. पेशवाईतल्या कागदांत ‘हिंदुस्थानात स्वारी गेली’ असं वाचून नवखा वाचक चक्रावतो. स्वारी निघाली ती पुण्याहून, मग पुणं कुठं होतं? तर पुणं ‘देशी’ होतं, ‘दक्षिणे’त होतं. हिंदुस्थान म्हणजे फक्त उत्तर. ही वाटणी मोगलांचीही : हिंदुस्थान वेगळा, दख्खन वेगळं. सिंधूवरून इराण्यांनी पाडलेलं हे नाव, त्याच्या वाट्याला आधी सिंधू-गंगेचा मुलूखच आला. म्हणूनच ‘हिंदुस्थानी शिपाई’ म्हणजे उत्तरेकडचा शिपाई. आणि इकडचा माणूस तिकडे गेला की तो ‘दक्षिणी’. इंदूर-ग्वाल्हेरकडे मराठी घरांना पुढेही कित्येक पिढ्या दक्षिणी म्हणत. दिशा एखाद्या जातीसारखी चिकटली ती अशी.

कऱ्हाटीतून हिंदुस्थानात गेलेलं सगळ्यांत मोठं नाव म्हणजे होळकर. नाव तरी कसलं, पत्ताच तो. नीरेकाठचं होळ, तिथले म्हणून होळकर. मल्हाररावांवर नीरेच्या दोन्ही थडी हक्क सांगतात, अलीकडून बारामती, पलीकडून फलटण. ते भांडण काठांनी मिटवावं. मल्हाररावांचा जन्म १६९३ मधला. धनगराचं पोर खानदेशात तळोद्याला मामाकडे वाढलं, बाजीरावाच्या फौजेत शिरलं आणि मालव्याचा सुभेदार झालं. राघोबादादांबरोबर मल्हारराव १७५८ साली पंजाबात होते. ‘अटकेपार झेंडा’ ही म्हण त्याच स्वारीतली, आणि आमच्याकडे आता कुणाचं पोर एम.पी.एस.सी. पास झालं तरी झेंडा अटकेपारच लागतो. तिकडे इंदुरात होळचं पुढे संस्थान झालं, १८९१ मध्ये कॉलेज झालं, आणि होळकर नावाच्या संघानं सी. के. नायडूंच्या काळात रणजी करंडकही जिंकला, एकदा नव्हे, चारदा. नीरेकाठच्या एका खेड्याचं नाव धावफलकावर! हिंदीनं त्यातला ळ तेवढा काढून घेतला आणि ‘होलकर’ केलं. मजा अशी की इंदूरच्या आसपासच्या मालवीत चांगला ठसठशीत ळ आहे. तिथल्या शेतकऱ्याला होळकर म्हणायला काहीच अडचण नव्हती. अडचण दिल्लीच्या छापखान्याची.

स्वाऱ्या माणसांवर चालत तशा पैशावर. बारामतीचे बाबूजी नाईक जोशी हे पेशव्यांचे सावकार आणि सोयरेही. बाजीरावाची बहीण भिऊबाई त्यांच्या भावाकडे, आबाजी नाईकांकडे दिलेली. कऱ्हेच्या काठी त्यांचा वाडा आजही उभा आहे. याच नाईकांच्या आश्रयाला कवी मोरोपंत होते. पानिपत झालं तेव्हा पंतांनी नुकतीच तिशी ओलांडली होती. पुढे ‘आर्याभारत’ लिहिणाऱ्या या माणसाच्या भोवती कऱ्हा आणि डोळ्यांपुढे कुरुक्षेत्र. पानिपत त्याच मुलखातलं. पानिपत, सोनिपत, बागपत यांच्या शेपटीचं ‘पत’ हे ‘प्रस्थ’ झिजून झालंय, इंद्रप्रस्थातलं प्रस्थ. पांडवांनी मागितलेल्या पाच गावांत ही गावं होती असं परंपरा सांगते. मराठीत मात्र ‘पत’ म्हणजे बाजारातली ऐपत, आणि ‘पानिपत झालं’ म्हणजे तीही गेली. भाषेनं हा श्लेष मुद्दाम केला नसेल, पण आमच्या सावकारी गावाला तो शोभतो.

मला सगळ्यांत आवडतो तो ‘रांगडा’. आज रांगडा म्हटलं की आपलाच माणूस डोळ्यांपुढं येतो : तालमीतली माती लागलेला, ‘आरं’ आणि ‘का रं’शिवाय न बोलणारा. सिनेमावाले आमच्या बोलीला रांगडी म्हणतात आणि आम्हीही छाती काढून ते मिरवतो. हा शब्द मुळात मालव्याचा. मराठे तिथं पोचले तेव्हा तिथल्या राजपूत जमीनदारांना ते रांगडे म्हणत. बरोबरीनं नव्हे, नाक मुरडून : आडदांड, हिशेबाला नकार देणारे, वसुलीला त्रास देणारे लोक. आणि ‘रांगडी भाषा’ हे विशेषण नव्हतं, नाव होतं. मालवीचं राजपुतांच्या तोंडचं रूप ते रांगडी; ग्रियर्सनच्या भाषांच्या पाहणीत ते याच नावानं नोंदलेलं आहे. म्हणजे चित्र असं, की होळचा मल्हारराव मालव्यातल्या ठाकुराला रांगडा म्हणतोय. पुण्याच्या सदरेवर बसलेल्या कारकुनानं मल्हाररावाच्या बोलण्याला काय नाव ठेवलं असेल? माझा कयास असा, की शब्द फौजेबरोबर इकडे आला, मालवा त्यातून गळून पडला, आडदांडपणा तेवढा उरला, आणि शहरी माणसानं तो घरातल्याच गावकऱ्याला चिकटवला. त्यानं तो हौसेनं घेतला, हे त्याचं मोठेपण. नाव ठेवणाऱ्याकडूनच नाव घेऊन त्याचा दागिना करणं कऱ्हाटीला चांगलं जमतं.

उत्तर नेहमी बाहेर जिंकायला होती असंही नाही. १८०२ च्या ऑक्टोबरात ती घरी आली. यशवंतराव होळकरांचे सरदार फत्तेसिंग माने बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेला भिडले, तिचा मोड झाला, आणि २५ तारखेला हडपसरची लढाई होऊन पुणंच पडलं. होळकरांच्या त्या फौजेत पठाण होते, हिंदुस्थानी होते. होळ बारामतीहून अर्ध्या दिवसाच्या दौडीवर. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला, त्यात या पट्ट्यानं जे भोगलं त्याला कुणी गमतीचा शब्द काढला नाही.

‘उत्तर’ या शब्दाशी मात्र इथल्या शेतकऱ्याचं नातं दिशेचं नाहीच. मूळ अर्थ ‘अधिक वरचं’. हिमालयाची उंच बाजू ती उत्तर. पूर्वेला तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या हाताची ती दक्षिण. ‘वरचं’वरून ‘नंतरचं’ झालं, त्यातून उत्तररात्र, उत्तरकार्य, आणि प्रश्नानंतर येतं म्हणून उत्तर. आमच्याकडे जिवाभावाची ती ‘उत्रा’, म्हणजे उत्तरा नक्षत्र : पूर्वा फाल्गुनीनंतरची म्हणून उत्तरा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या मुलखात मृग-आर्द्रा हुलकावणी देतात; ज्वारीच्या पेरणीची ओल सप्टेंबरातल्या उत्रेवर आणि मागून येणाऱ्या हस्तावर ठरते. पाटाचं पाणी ज्याला नाही त्याला अजून उत्तर म्हणजे हेच.

शब्द उत्तरेकडूनच आले असं नाही, इकडून तिकडे गेलेही. आपण पोहे अनेकवचनी करतो; एक पोहा असं कुणी म्हणत नाही. इंदूरनं तो एकवचनी आणि पुल्लिंगी करून टाकला : ‘पोहा अच्छा बना है’. शेजारीच ‘भुट्टे का कीस’ मिळतो. भुट्टा तिथला, कीस आपला. किसणीवर कणीस किसून दुधात शिजवतात. खाणाऱ्या इंदुरी माणसाला कीस हा मराठी शब्द आहे याचा पत्ता नसतो, आणि सांगायला गेलं तर तो आधी वर शेव घालतो, मग ऐकतो.