एका बिरुदाचा भार

काही वर्षांपूर्वी, आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवीत असताना, एम.ए.च्या एका अंतर्गत चाचणीतील टीप आम्ही दोघांनीही तपासली आणि गुणांवरून आमच्यात वाद झाला. टीप राष्ट्रकूट आणि लातूर यांच्या संबंधावर होती. विद्यार्थ्याचे उत्तर चारच वाक्यांचे होते. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर. म्हणून राष्ट्रकूट मूळचे लातूरचे. लातूर महाराष्ट्रात असल्याने ते मराठी होते. आमच्यापैकी एकाने पाचांपैकी पाच गुण दिले, दुसऱ्याने दोन. पाच देणाऱ्याचे म्हणणे असे की, चारही वाक्ये कुठल्या ना कुठल्या छापील पुस्तकात सापडतात. दोन देणाऱ्याचे म्हणणे असे की, पुस्तकात सापडणे आणि पुराव्यातून निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता आमच्यापैकी एक लातूरला आणि एक नांदेडला आहे. पण त्या चार वाक्यांनी आमचा पिच्छा सोडलेला नाही. त्यांत एकामागून एक तीन ‘म्हणून’ आहेत. दुसरे वाक्यही खरे तर एक लपलेले अनुमानच आहे. पहिल्यावर जेवढा विश्वास ठेवता येतो, तेवढा तिसऱ्यावर ठेवता येतो का, एवढाच प्रश्न आहे.

पहिले वाक्य खरे आहे, पण अर्धवट. हे बिरुद ठळकपणे दिसते ते पहिल्या अमोघवर्षाच्या काळातील शिरूर आणि निलगुंद येथील शिलालेखांत. दोन्ही गावे आजच्या कर्नाटकात, जुन्या धारवाड जिल्ह्याच्या परिसरातली. काळ शके ७८८, म्हणजे इ.स. ८६६. राष्ट्रकूट सत्तेचा पाया घालणाऱ्या दंतिदुर्गाचा सामानगड ताम्रपट शके ६७५ चा आहे, त्यात हे बिरुद नाही. म्हणजे सत्ता स्थिर झाल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी, राजधानी मान्यखेटात, म्हणजे आजच्या मळखेडला, नांदत असताना हे बिरुद समोर येते. पुढे सौंदत्तीच्या रट्टांनी ते उचलले आणि राष्ट्रकूट साम्राज्य बुडाल्यानंतरही वापरले. ‘राष्ट्रकूट स्वतःला म्हणवीत’ असे सरसकट लिहिताना हा कालक्रम गळतो. आणि तो गळला की पुराव्याचे वजन आपोआप वाढते. घराण्याच्या जन्मापासूनच ही आठवण लेखात नोंदलेली आहे, असा भास होतो.

दुसऱ्या वाक्याची कथा अधिक रंजक आहे. लट्टलूर कोणते, हे एकोणिसाव्या शतकात ठरलेले नव्हते. फ्लीट यांनी आरंभी त्याचा संबंध छत्तीसगडातील बिलासपूरजवळच्या रतनपूरशी जोडला होता आणि नंतर ते लातूरकडे वळले. अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रकूटांवरील ग्रंथात रतनपूरचा पक्ष नाकारून लातूरचा पक्ष घेतला. (गंमत अशी की, माहात्म्यग्रंथाच्या परंपरेत लातूरलाही रत्नापूर म्हटले जाते. निव्वळ नावाच्या साम्यावर कुठून कुठे जाता येते, याचा हा चांगला नमुना आहे.)

नावाच्या साम्याचाच विचार करायचा, तर तो भाषेच्या विद्यार्थ्याने नीट करावा. मराठीत जोडाक्षर सुटे होऊन आधीचा स्वर दीर्घ होतो, हे आपण पहिल्या सत्रातच शिकवतो : हत्थ–हात, सत्त–सात, अट्ठ–आठ. दंत्य दंत्यच राहतो आणि मूर्धन्य मूर्धन्य. या नियमाने लट्टलूरपासून ‘लाट–’ मिळायला हवे. ‘लात–’ मिळण्यासाठी मूळ रूप लत्तलूर हवे. मराठी पुस्तकांतून लट्टलूर आणि लत्तलूर अशी दोन्ही रूपे छापलेली आढळतात, रट्टांच्या संदर्भात लत्तनूर असेही. या फरकाकडे आम्ही वर्षानुवर्षे मुद्रणदोष म्हणून पाहिले. वास्तविक आपल्या अनुमानाचा एक सांधा तिथेच आहे. मधला ‘ल’ गळणे समजण्यासारखे आहे, कारण एका शब्दात तीन-चार अक्षरांच्या अंतरात दोन ल आले की जीभ एक सोडून देते. ‘ऊर’ हा प्रत्ययही या भागाला परका नाही. नांदेड जिल्ह्यातले देगलूर शेजारीच आहे. पण ‘ट’चा ‘त’ कसा झाला, हे सांगितल्याशिवाय ध्वनिसाम्याचा दावा पूर्ण होत नाही.

सुदैवाने लातूरच्या पक्षाला नावापलीकडचा आधार आहे. लातूरच्याच पापविनाश मंदिरात उत्तर चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात लत्तलौर या नगराचा उल्लेख येतो. गावात असलेला लेख त्या गावाचे नाव सांगतो, तेव्हा ध्वनिनियमांची ओढाताण फारशी करावी लागत नाही. उलट नियमच त्या लेखाच्या उजेडात तपासता येतो. दुसऱ्या वाक्याला आम्ही दोघेही आज पूर्ण गुण देतो. मात्र विद्यार्थ्याने त्यासाठी दिलेला आधार शून्य होता.

याच लेखात लत्तलौर येथे पाचशे विद्वान राहत असल्याचे म्हटले आहे. ‘लातूर पॅटर्न’ची महती सांगणाऱ्या भाषणांतून हा आकडा आम्ही अनेकदा ऐकला आहे आणि खरे सांगायचे तर एकदा स्वतःही वापरला आहे. नगरवर्णनातला पाचशे हा आकडा मोजून घातलेला असतो की गौरवासाठी, हे आम्ही त्या वेळी विचारले नाही. काव्यातली संख्या वर्गात आम्ही संकेत म्हणून समजावून सांगतो. शिलालेखातली संख्या मात्र दगडावर कोरलेली म्हणून खरी मानतो. तेराव्या शतकापूर्वीची प्रशस्ती ही वाङ्मयप्रकार म्हणून वाचायची असते, हे साहित्याच्या प्राध्यापकांनीच विसरावे, हे काही बरे नव्हे.

खरी अडचण तिसऱ्या वाक्यात आहे. ‘अमुक श्रेष्ठ नगराचा अधीश्वर’ या बिरुदावरून ‘अमुक नगरातून आलेला’ असा निष्कर्ष निघतो का? न्यायशास्त्राच्या भाषेत विचारायचे तर, येथे व्याप्ती आहे का? जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, तसे जिथे जिथे पुरवराधीश्वर तिथे तिथे मूलस्थान, असे म्हणता येईल का? याचे उत्तर शोधायला मराठवाड्याबाहेर जावे लागत नाही. देवगिरीचे यादव स्वतःला ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ म्हणवीत. द्वारसमुद्राचे होयसळही तेच बिरुद मिरवीत. एकमेकांशी लढणारी ही दोन घराणी एकाच द्वारकेची स्वामी कशी? उघड आहे की, इथे बिरुद यदुवंशाचा अभिमान सांगते, स्थलांतराचा मार्ग नव्हे. कल्याणीचे कलचुरी ‘कालंजरपुरवराधीश्वर’ होते. कालंजर बुंदेलखंडात आणि कल्याणी, म्हणजे बसवकल्याण, लातूरपासून फार दूर नाही. हेतू सव्यभिचार आहे. बिरुद असून मूलस्थान नसण्याची उदाहरणे दारातच उभी आहेत.

मग अशी सगळी बिरुदे निरुपयोगी मानायची का? तसेही नाही, आणि इथे तेरचे उदाहरण फार मोलाचे आहे. ठाण्याचे, दक्षिण कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. तगर कोणते, याविषयीही जुन्नर, दौलताबाद, धारूर असे तर्क झाले होते. डॉ. भांडारकरांनी धारूरचा पक्ष मांडला होता. फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी धाराशिव जिल्ह्यातील तेर हेच तगर असल्याचे प्रतिपादन केले. पण या अनुमानामागे बिरुद एकटे नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात तगर हे पैठणपासून पूर्वेकडे सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदले आहे. तेर काटेकोर पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे; ही विसंगती झाकून चालत नाही. तरीही पुढे तेरच्या भूमीतून सातवाहनकालीन वस्तू निघाल्या आणि रोमन व्यापाराच्या खुणा मिळाल्या. आज त्या तेथील लामतुरे संग्रहालयात पाहता येतात. परदेशी प्रवासवृत्त, भूमीतले अवशेष आणि बिरुद हे एकमेकांना न ओळखणारे तीन साक्षीदार एकाच गावाकडे बोट दाखवतात. आणि तरीही एवढ्याने सिद्ध होते ते तगर म्हणजे तेर, एवढेच. शिलाहार तिथून निघाले, हे वेगळे वाक्य आहे.

लातूरच्या बाजूने ते वेगळे वाक्य बोलणारा एक साक्षीदार मात्र आहे, आणि तो नागपूरला सापडतो. सीताबर्डीचा शके १००८ चा स्तंभलेख चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळातील. त्यात महाराष्ट्रकूट वंशातील धाडिभंडक नावाच्या सामंताचे वर्णन ‘लटलौर-विनिर्गत’ असे येते. अधीश्वर आणि विनिर्गत या दोन शब्दांत किती अंतर आहे, पाहा. पहिला स्वामित्व सांगतो, दुसरा प्रस्थान. साहित्याच्या विद्यार्थ्याला विशेषणांचे बारकावे कळतात, असा आमचा समज आहे. त्याने राष्ट्रकूटांचे मूलस्थान सिद्ध करण्यासाठी अमोघवर्षाच्या भव्य बिरुदापेक्षा या सामंताचे साधे विशेषण पुढे ठेवले असते, तर आम्ही त्याला आनंदाने गुण दिले असते. अर्थात मर्यादा इथेही आहे. साम्राज्य ९७३ मध्ये बुडाल्यानंतर शतकभराने ही आठवण नोंदली गेली. घराणे लातूरहून निघाले, असे अकराव्या शतकात मानले जात होते, इतके तिच्यावरून खात्रीने म्हणता येते.

सातव्या-आठव्या शतकाकडे वळले की चित्र पुन्हा धूसर होते. त्या काळातले एक राष्ट्रकूट घराणे आपल्याला भेटते ते वऱ्हाड-बैतूल भागात. नन्नराज युद्धासुराचा मुलताई ताम्रपट शके ६३१ चा आहे. अळतेकरांनी दंतिदुर्गाच्या घराण्याचे या शाखेशी नाते सुचवले आणि लातूरहून वऱ्हाडात झालेल्या स्थलांतराची कल्पना मांडली. ही कल्पना सुसंगत आहे. पण ती दोन पुराव्यांमधली मोकळी जागा भरणारी आहे, तिसरा पुरावा नव्हे. नांदेडकर म्हणून एक भर घालतो : कंधारचा भग्न शिलालेख तिसऱ्या कृष्णाच्या, म्हणजे दहाव्या शतकातील, वैभवाशी जोडला जातो आणि तिथल्या प्रचंड क्षेत्रपालमूर्तीचे तुकडे त्या वैभवाची साक्ष देतात. राष्ट्रकूट आमच्या भागात ‘होते’, हे कंधार निर्विवादपणे सांगते. ‘मूळचे’ होते, हे सांगण्याचा त्याचा दावा नाही.

चौथ्या वाक्यापाशी दोन्ही बाजूंचे अभिमान उभे असतात, म्हणून तिथे सावकाश जावे. चिं. वि. वैद्यांनी राष्ट्रकूटांना मराठे ठरवले. अळतेकरांनी, लातूरचाच पक्ष घेऊन, त्यांची भाषा कन्नड मानली. म्हणजे एकाच गावावरून दोन भाषा निघाल्या! गाव आज महाराष्ट्रात आहे, यावरून आठव्या शतकातली भाषा ठरत नाही, हे तर उघड आहे. हेच लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात. अळतेकरांचा एक पुरावा असा की, गुजरातेतील राष्ट्रकूट शाखेच्या ताम्रपटांवर राजाची सही दाक्षिणात्य, कन्नड वळणाच्या लिपीत आढळते. पुरावा चांगला आहे. राजाचे लेखनशिक्षण कुठल्या परंपरेत झाले, हे तो दाखवतो. पण आमच्या मराठवाड्यातील घरांत आजोबांची खरेदीखते काढून पाहावीत. मराठी माणसांच्या उर्दूतल्या सह्या त्यांवर दिसतील, कारण शाळा उर्दूची आणि कचेरी उर्दूची होती. घरात आजोबा जनाबाईचे अभंगच म्हणत असत. सहीवरून शाळा कळते, स्वयंपाकघरातली भाषा कळेलच असे नाही.

दुसरा पुरावा अमोघवर्षाच्या दरबारातील ‘कविराजमार्ग’ हा कन्नड ग्रंथ. तो कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. गोदावरी नांदेडच्या घाटावरून वाहते. म्हणजे लातूर सरळ त्या देशात येते. राजाश्रयाचा आणि कन्नडच्या प्रतिष्ठेचा हा पुरावा मराठीच्या अभिमान्याला टाळता येणार नाही, आणि तो टाळू नयेच. मात्र दोन नद्यांच्या मध्ये देश बसवणे हीदेखील एक काव्यरीती आहे, हे विसरू नये. शिवाय तुलना समान नाही. कन्नडचा हलमिडी लेख पाचव्या शतकाच्या सुमाराचा मानतात, तर मराठीचा अक्षीचा लेख, तुळपुळे यांच्या वाचनानुसार, १०१२ चा. आठव्या शतकातील मराठीचा लेखी पुरावा मिळत नाही, यावरून घरातली भाषा कोणती नव्हती ते ठरत नाही, आणि कोणती होती तेही ठरत नाही. सीमेवरच्या एका घराण्यात दोन भाषा नांदत असतील, ही शक्यता उदगीर-देगलूरच्या बाजारात उभे राहिले की मुळीच विचित्र वाटत नाही.

हाच प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात दुसऱ्या नावाने रोज येतो. विवेकसिंधूतील शके १११० चा उल्लेख, अंबानगरी आणि नदीचे नाव यांवरून मुकुंदराज अंबाजोगाईचे की वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याचे, हा वाद विद्यार्थी पाठ करतात. ग्रंथाची भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा अर्वाचीन दिसते, हेही पाठ करतात. पण त्या कालोल्लेखाची ओवी कोणत्या हस्तलिखितांत आहे, असे विचारणारा विद्यार्थी आम्हाला अजून एकच भेटला.

चार वाक्यांचे ते उत्तर आम्ही अलीकडे पुन्हा गुणांकित केले. पाच देणारा तीनवर आला. दोन देणारा अडीचपर्यंत चढला, कारण दुसरे वाक्य बरोबर होते. उरलेल्या अर्ध्या गुणाबाबत आमचे एकमत झालेले नाही. एकाचे म्हणणे, बरोबर निष्कर्षाला पुराव्याशिवायही काही द्यावे. दुसऱ्याचे म्हणणे, देऊ नये. पुढच्या चाचणीत आता प्रश्न असा घातला आहे : ‘अधीश्वर आणि विनिर्गत या दोन शब्दांवरून काय निघते आणि काय निघत नाही, ते लिहा.’