परक्या पेढीवरची नोकरी

आखाती देशांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे तेलविहिरी, वाळवंट आणि उंच इमारती उभ्या राहतात. तेथे राबणारे मजूर, तंत्रज्ञ, परिचारिका यांच्याविषयी आपण बोलतो, लिहितो. मात्र बँकेच्या काउंटरमागे बसून परक्यांच्या पैशाचा चोख हिशेब ठेवणारा आपला पदवीधर तरुण या इतिहासात क्वचितच दिसतो. आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांचे आखाताशी नाते जडलेले आहे. म्हणूनच या नोकरीचे दार कोणी उघडले आणि ते किती काळ उघडे राहते, हे इतिहासाच्या आधारे पाहावे असे आम्हांस वाटते.

रुपयाचे राज्य

हे दार तेलाने उघडले नाही, रुपयाने उघडले. आखातातील ब्रिटिशांचा कारभार १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारमार्फत चालत असे. बहारीन, कुवेत, कतार, दुबई, मस्कत या बंदरांत आपला रुपया चलन म्हणून फिरत होता. तेथील मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती आणि मोती काढणाऱ्यांच्या हंगामाला भांडवल पुरविण्यात सिंधी व गुजराती व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. आधुनिक बँक आली ती या जुन्या व्यवहाराच्या पाठोपाठ. १९२० साली ईस्टर्न बँकेने बहारीनमध्ये शाखा उघडली. १८८९ मध्ये स्थापन झालेली इंपीरियल बँक ऑफ पर्शिया १९४२ साली कुवेतमध्ये, १९४४ साली बहारीनमध्ये आणि १९४६ साली दुबईत पोहोचली. हीच पुढे ब्रिटिश बँक ऑफ द मिडल ईस्ट झाली.

या बँकांना इंग्रजी लिहिणारा, रुपये-आणे-पै यांचा मेळ घालणारा, खतावणी जाणणारा कारकून हवा होता. असा माणूस मुंबईच्या बाजारात तयार मिळत असे. अधिकारी मात्र इंग्लंडमध्ये निवडले जात. एकाच छपराखाली दोन शिड्या होत्या आणि आपल्या माणसाच्या वाट्याला आलेली शिडी आखूड होती. परदेशी बँकेतील नोकरीचे हे पहिले वैशिष्ट्य आम्हांस महत्त्वाचे वाटते. माणसाची पात्रता आणि त्याची जागा यांचा मेळ तेथे नेहमी बसतोच असे नाही.

चलन गेले, माणसे राहिली

सोन्याच्या चोरट्या व्यापारापायी भारताचे परकीय चलन झिरपू लागले, तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहारीनने स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते, ते साडेसात रुपये पडू लागले. आखातात ज्यांची पुंजी रुपयांत होती, त्यांचे तिसऱ्या हिश्शाहून अधिक मूल्य एका दिवसात गेले. साहजिकच कतार व दुबईने त्याच वर्षी नवे चलन स्वीकारले.

ज्या रुपयामुळे आपला कारकून तेथे गेला, तो रुपया परतला. कारकून मात्र राहिला. कारण १९७३ नंतर तेलाच्या किमती सुमारे चौपट झाल्या आणि बँकांना माणसे पुरेनात. १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि बैरुतचे आर्थिक महत्त्व ओसरू लागले. त्याच वर्षी बहारीनने परदेशी बँकांना खास परवाने देण्यास प्रारंभ केला.

मुंबईच्या वृत्तपत्रांतील जाहिराती वाचून आपले तरुण अर्ज करू लागले, ते या काळात. घरी १९६९ साली राष्ट्रीयीकृत झालेल्या १४ बँका होत्या. तेथील नोकरी सुरक्षित होती, पण पगार बेताचा होता. आखातात पगार मोठा, परंतु नागरिकत्व नाही. राहण्याचा परवाना नोकरी देणाऱ्याच्या, म्हणजे कफीलच्या, हाती. नोकरी सुटली की देश सुटला. भारत सरकारने १९८३ च्या कायद्याने भरती करणाऱ्या दलालांना नोंदणी सक्तीची केली, यावरूनच या व्यवहारात किती फसवणूक होत असेल याची कल्पना येते.

दोन आघात

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले. वर्षानुवर्षे तेथे स्थिरावलेली भारतीय कुटुंबे हातातील पिशवीनिशी जॉर्डनची राजधानी अम्मान येथे पोहोचली आणि तेथून एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून अधिक माणसे मायदेशी आणली गेली. कुवेतच्या मध्यवर्ती बँकेतून नोटा लुटल्या गेल्यामुळे त्या पुढे रद्द कराव्या लागल्या. जन्मभर नोटा मोजणाऱ्याने पैशाचे क्षणभंगुरत्व याहून स्पष्ट कोठे पाहिले असते?

दुसरा आघात बँकेच्या आतून झाला. आगा हसन आबेदी या पाकिस्तानी बँकरने १९७२ साली बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल स्थापन केली. तिच्यात अबू धाबीचे मोठे भांडवल होते आणि आपल्या उपखंडातील अनेकांना तिने, ब्रिटिश बँकांत न मिळालेली, अधिकाराची जागा दिली. ही लांब शिडी ५ जुलै १९९१ रोजी कोसळली. प्रचंड गैरव्यवहार उघडकीस येऊन अनेक देशांत बँकेला एकाच दिवशी टाळे लागले. तिची मुंबईतील शाखा पुढे स्टेट बँकेच्या एका उपकंपनीने आपल्याकडे घेतली. अन्यत्र हजारो कर्मचारी रस्त्यावर आले.

त्यांची खरी व्यथा पगार बुडाला ही नव्हती. गैरव्यवहाराशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाला दुसरी बँक दारात उभी करीना. अर्जावरील जुन्या बँकेचे नावच त्याच्याविरुद्ध साक्ष देत होते. लंडनमधील दोन माजी कर्मचारी हे गाऱ्हाणे घेऊन न्यायालयात गेले. १९९७ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, मालकाने अप्रामाणिक धंदा करून नोकराच्या विश्वासाला तडा जाऊ देऊ नये, हे तत्त्व मान्य केले. असे नुकसान सिद्ध करणे अवघडच ठरले. तरीही विश्वास हा नोकराने मालकाला द्यावयाचा एकतर्फी नजराणा नव्हे, हे त्या निकालाने कायद्यात कोरले गेले.

पाहुण्याचे स्थान

तिसरी गोष्ट आघात नव्हे, काळाचा न्याय आहे. कुवेतींनी १९५२ सालीच स्वतःची नॅशनल बँक उभारली होती. सौदी अरेबियाने १९७० च्या दशकात परदेशी बँकांना बहुसंख्य भांडवल सौदींच्या हाती देण्यास भाग पाडले. मालकीनंतर खुर्च्यांची पाळी आली. बँकांत स्थानिक तरुणांचे प्रमाण वाढविण्याचे नियम संयुक्त अरब अमिरातीनेही केले. याबद्दल खंत का करावी? आपल्या देशातील वरच्या जागा परक्यांकडे असाव्यात, हे आपल्याला तरी कधी रुचले होते काय?

या साऱ्या इतिहासातून आम्हांस एकच बोध घ्यावासा वाटतो. परदेशातील बँकेची नोकरी कोणत्या ना कोणत्या तात्पुरत्या गरजेतून निर्माण होते: कधी रुपया, कधी तेल, कधी एखादी महत्त्वाकांक्षी बँक. गरज संपली की जागा संपते. अंगी मुरलेले ज्ञान मात्र माणसाबरोबर परत येते. म्हणून मुलगा वा मुलगी परदेशी बँकेत अर्ज करीत असेल, तर पगाराचा आकडा विचारण्याआधी घरच्यांनी तीन प्रश्न विचारावेत. बँकेची कीर्ती कशी आहे? दलाल नोंदणीकृत आहे काय? आणि ही नोकरी उद्या सुटली, तर हाती कोणती विद्या उरेल? आपल्या बँकेतील शिल्लक जपणाऱ्या घरांनी या तिसऱ्या शिलकीचाही हिशेब ठेवावा.